वॉकर आडनाव: चालणं हा काय धंदा झाला का?

फावला_वेळ:
सध्या इंग्लिश आडनावांच्या नादी लागलोय. बेकर म्हणजे पाव भाजणारा, टेलर म्हणजे शिंपी, कार्पेंटर सुतार, कुक आचारी, इथपर्यंत गाडी मस्त चालली होती आणि मग आला वॉकर. आता चालणं हा काय धंदा झाला का? सगळेच चालतात की! बरं आडनाव काही कुठलं कोपऱ्यातलं नाहीये, इंग्लंडमधल्या सगळ्यात कॉमन पहिल्या पंचवीसात ते आरामात बसतं. एका ठिकाणी वाचलं की पूर्वी पायी निरोप पोचवणारे जासूद असायचे ते वॉकर, दुसरीकडे लिहिलंय की जंगलात गस्त घालणारे राखणदार ते वॉकर, आणि तिसऱ्याने तर 'वॉकर घराण्याचं राजचिन्ह' छापलेला चहाचा मगच विकायला काढलाय. यातलं खरं काय समजायचं? माहितगारांनी सांगा, नुसत्या लिंका टाकू नका, दोन वाक्यात सांगितलंत तरी चालेल. (चालेल! बघा, सुटका नाही.)

कोपऱ्यातला_म्हातारा:
कापड तुडवणारा. झालं एका वाक्यात.

फावला_वेळ:
आजोबा, एवढं पण आखडतं नका घेऊ हो. कापड कशाला तुडवायचं?

सूतावरून_स्वर्ग:
थांबा, हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगून ठेवते.

मध्ययुगात इंग्लंडची सगळी श्रीमंती लोकरीवर होती हे माहीत असेलच. तर लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते घालण्यासारखं नसतंच मुळी. विरविरीत, धागे सुटे सुटे, आणि वर तेलकट, कारण सूत काततानाच लोकरीला तेल नाहीतर लोणी लावलेलं असायचं. मग ते कापड लाकडी डोणीत टाकायचं, वरून पाणी, मुलतानी माती आणि शिळी लघवी ओतायची (हो, लघवीच, मुरलेली, जितकी जुनी तितकी कामाची, कारण मुरली की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेल-चिकटा कापतो), आणि माणसांनी गुडघ्यापर्यंत कपडे वर खोचून त्यात उतरायचं आणि तासन् तास कापड पायाखाली तुडवत राहायचं, मध्येमध्ये घडी बदलायची, उलटं करायचं, परत तुडवायचं. लोकरीच्या केसाला सूक्ष्म खवले असतात, ओल्यात रगडलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं, जाड होतं, नमद्यासारखं एकजीव होतं, इतकं की नीट तुडवलेल्या कापडात आडवा-उभा धागा वेगळा दिसत पण नाही. मग त्याच्यातून वारा जात नाही, पाऊस पटकन शिरत नाही. नंतर ते धुवून लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळत घालायचं, काटेरी बोंडांनी त्याची लव उठवायची, आणि ती लव मोठ्या कात्रीने सारखी करायची, तेव्हा कुठे ते विकायला जायचं.

तर हे तुडवणारा तो वॉकर. आणि गंमत अशी की जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' हे जे क्रियापद होतं त्याचा अर्थ आजच्यासारखा पायी चालणं असा नव्हताच, लोळवणं, घुसळणं, गरगर हलवणं असा काहीतरी होता. त्यापासून 'वेआल्केरे' म्हणजे कापड तुडवणारा हा शब्द १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारे नॉर्मन लोक यायच्या आधीपासूनचा आहे. रस्त्याने चालणं हा अर्थ मागाहून, मध्ययुगात रूढ झाला. म्हणजे वॉकर हे आडनाव 'चालणारा' वरून आलंच नाही, उलट धंद्याचा शब्द आधीचा आणि आपण ज्याला वॉक म्हणतो तो नंतरचा. जर्मनमध्ये 'वाल्कन' म्हणजे अजूनही कापड तुडवणंच.

आडनावातला वॉकर त्यामुळे टेलर-बेकरच्याच रांगेतला आहे, फक्त धंदा मेला आणि शब्दाचा अर्थ सरकला, म्हणून आज ते विचित्र वाटतं.

टवाळ_टोळी:
म्हणजे मुतात उभं राहून कापड तुडवायचं आणि बक्षीस काय, तर पुढच्या सातशे वर्षांच्या पिढ्यांना तेच नाव. 😂

कोपऱ्यातला_म्हातारा:
हसू नका. रोममध्ये व्हेस्पेशियन बादशहाने सार्वजनिक मुताऱ्यांमधून गोळा होणाऱ्या लघवीवर कर बसवला होता, तो याच धंद्यामुळे. पाँपेईत कापड तुडवणाऱ्यांच्या वखारी सापडल्यात, तिथे डोणीत उभ्या माणसांची चित्रंही मिळालीत.

राईचा_पर्वत:
सूतावरून_स्वर्ग, सगळं ठीक पण एवढं ठामपणे कसं म्हणता? इंग्लंडच्या राजाच्या जंगलांमध्ये प्रत्येक भागाला 'वॉक' म्हणायचे आणि तिथल्या राखणदाराला वॉकर, हे काय मी मनाने सांगत नाहीये, एकोणिसाव्या शतकातल्या आडनावांच्या पुस्तकांमध्ये पण ही व्युत्पत्ती दिलेली सापडते. दुसरं म्हणजे कापड जर पाणचक्कीवर कुटलं जात होतं तर तुडवणारा माणूस उरलाच कुठे? पाणचक्क्या तर फार आधी आल्या ना?

सूतावरून_स्वर्ग:
जंगलातला वॉकर होता, नाही कोण म्हणतंय, पण तो शब्द त्या अर्थाने उशिरा दिसतो आणि तोपर्यंत वॉकर नावाची माणसं कागदोपत्री ढिगाने येऊन गेलेली असतात. आणि दुसरं म्हणजे संख्या बघा की हो. राजाच्या जंगलात गस्त घालणारे असे किती असणार? कापड मात्र गावोगाव विणलं जायचं आणि प्रत्येक कापड तुडवावं लागायचंच. एवढं कॉमन आडनाव मूठभर राखणदारांतून कसं निघेल. एखाद-दुसरं घराणं निघालंही असेल.

पाणचक्कीचा मुद्दा बरोबर आहे. इंग्लंडमधल्या अशा चक्क्यांची सगळ्यात जुनी नोंद ११८५ ची, टेम्पलर नाइट्स या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या मालमत्तेच्या पाहणीतली. पाण्याच्या चाकाने जड लाकडी मोगऱ्या उचलल्या जायच्या आणि डोणीतल्या कापडावर आदळायच्या, बस, पायाचं काम मोगरीवर गेलं. इतिहासकार एलेनोरा कॅरस-विल्सन यांनी १९४१ मध्ये याला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांतीच म्हटलं होतं (त्यावर नंतर बराच वाद झाला, काही जण म्हणतात जरा जास्तच झालं ते). पण चक्की आली म्हणून नाव गेलं नाही, चक्की चालवणाऱ्यालाच वॉकर म्हणू लागले आणि चक्कीला वॉक-मिल. आणि पायाने तुडवणं लगेच बंद पण नाही झालं, चौदाव्या शतकातल्या पिअर्स प्लाउमन या काव्यात विणून आलेलं कापड पायाखाली नाहीतर चक्कीत तुडवल्याशिवाय अंगावर घालण्याजोगं होत नाही अशा अर्थाच्या ओळी आहेत, म्हणजे तेव्हा दोन्ही चालू होतं. नेमकी तीच आडनावं पक्की व्हायची वेळ.

राईचा_पर्वत:
हं. संख्येचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण जंगलवाला एखादा वॉकर तरी निघालाच असणार, तेवढं माझ्या बाजूला टाका.

नकाशावेडा:
खरी मजा अजून कुणी सांगितलीच नाही. हाच धंदा, हीच डोण, हीच लघवी, पण आडनावं तीन! वॉकर, फुलर आणि टकर. तिघांचा अर्थ एकच, फक्त गाव कुठलं त्यावर नाव ठरलं.

उत्तरेत आणि मिडलंड्समध्ये, यॉर्कशर, लँकशर, डरम आणि वर स्कॉटलंडपर्यंत वॉकर. आग्नेयेला म्हणजे ससेक्स, केंट, सरे, सफक, नॉरफक इकडे फुलर, हा शब्द लॅटिन 'फुल्लो'वरून. आणि नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल इकडे टकर, याचं मूळ जुन्या इंग्रजीतलं 'टुकियन', म्हणजे छळणं, हाल करणं. बिचारं कापड. १८८१ च्या जनगणनेची नावं नकाशावर टाकली की हे तिन्ही पट्टे अजून दिसतात, म्हणजे पाचशे वर्षं झाली, रेल्वे आली, कारखाने आले, तरी बहुसंख्य फुलर आग्नेयेत आणि टकर नैर्ऋत्येतच बसलेले. वॉकर इतके जास्त का, याचंही उत्तर इथेच मिळतं, त्यांचा इलाखाच सगळ्यात मोठा होता.

जागांच्या नावातही हे उतरलंय. सॉमरसेटमध्ये टकिंग मिल नावाचं ठिकाण आहे, कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल आहे. एक्सेटरला टकर्स हॉल म्हणून १४७१ ची इमारत अजून उभी आहे, विणकर, टकर आणि लव कातरणाऱ्यांच्या संघाची. वेल्समध्ये अशा चक्कीला पँडी म्हणतात, म्हणून तिकडे पँडी नावाची ठिकाणं, आणि १९१० च्या खाण कामगारांच्या दंगलीमुळे जे गाव प्रसिद्ध झालं ते टोनीपँडी, त्यातली पँडी हीच.

आता याला फाटे फोडतो. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं ठिकाणच आहे, हेड्रियन या रोमन बादशहाने बांधलेल्या भिंतीला लागून, त्याचा अर्थ भिंतीजवळची दलदल. म्हणजे तिकडचा एखादा वॉकर गावावरून पण आलेला असू शकतो, कापडाशी संबंध शून्य. आयर्लंडमधले काही टकर तर तिकडच्या ओ'टुआहर अशा कुठल्याशा गेलिक नावाचं इंग्रजीकरण होऊन टकर झालेत. आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात 'कापड तुडवणाऱ्याचा पोरगा' अशा अर्थाचं मॅक लावलेलं गेलिक आडनाव होतं, त्यातले पुष्कळ जण नंतर सरळ वॉकर लावू लागले.

अनुताई:
स्कॉटलंडचा विषय निघालाय म्हणून लिहिते. हेब्रिडीज बेटांवर हे काम बायका करायच्या, आणि अगदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होतं. मोठ्या फळीभोवती दोन्ही बाजूंना बसायचं, ओलं ट्वीड (जाड लोकरीचं कापड) फळीवर आपटत आपटत एकीकडून दुसरीकडे सरकवायचं, सगळ्यांनी एकाच ठेक्यात. ठेका चुकू नये म्हणून गाणं, एकजण ओळ म्हणणार, बाकीच्या धृपद उचलणार. या गाण्यांची रेकॉर्डिंग्ज आहेत, ऐकून बघा, त्यात कापड फळीवर पडल्याचा धप्प धप्प आवाज हाच तबला. कॅनडात केप ब्रेटनला गेलेल्या स्कॉटिश लोकांनी ही पद्धत तिकडे पण नेली. लघवी इथेही होतीच, हां.

टवाळ_टोळी:
मग जॉनी वॉकर?? तो तर बाटलीवर चालतानाच दिसतो राव.

कोपऱ्यातला_म्हातारा:
तो जॉन वॉकर १८०५ सालचा, स्कॉटलंडमधल्या एअरशरचा, शेतकऱ्याचा मुलगा. किल्मार्नॉकला किराणा दुकान होतं. ढांगा टाकत चालणारा टोपीवाला माणूस १९०८ साली टॉम ब्राउन नावाच्या व्यंगचित्रकाराने काढला, म्हणजे मूळ दुकानदार जाऊन पन्नास वर्षं झाल्यावर. आडनावावर केलेली कोटी आहे ती. डोणीत उभा असलेला वॉकर काढला असता तर बाटली खपली नसती.

फावला_वेळ:
वा, धाग्याचं चीज झालं. आता दोन शंका. एक, धंद्याचं नाव पोराला कधीपासून चिकटायला लागलं, म्हणजे बाप वॉकर आणि पोरगा लोहार असला तरी वॉकरच, हे कधी झालं? दोन, आज जेवढे वॉकर आहेत ते सगळे एकाच मूळ पुरुषाचे का? आणि तो राजचिन्हवाला चहाचा मग विकत घ्यावा का? 😀

सूतावरून_स्वर्ग:
पहिल्याचं उत्तर एका तारखेत नाही देता येणार. १०६६ नंतर आधी नॉर्मन जमीनदारांनी वंशपरंपरेने नाव लावायला सुरुवात केली, मग शहरातले लोक, मग खेड्यातले, आणि दक्षिणेत आधी, उत्तरेत उशिरा. साधारण १४०० पर्यंत इंग्लंडमधल्या बहुतेक घरांना कायमचं आडनाव चिकटलं होतं असं मानतात. त्याआधी नोंदीत 'अमका ल वॉकर' असं यायचं, ल म्हणजे 'तो', म्हणजे तो वॉकर, हे तेव्हा वर्णन होतं, आडनाव नव्हे.

सरकारलाही माणूस ओळखायला काहीतरी हवंच होतं. १३७७, १३७९ आणि १३८१ असा तीनदा डोईपट्टीचा कर बसवला, तिसऱ्यांदा तर लोकांनी बंडच केलं, पण त्या वसुलीच्या याद्या आडनावांसाठी सोन्याची खाण आहेत. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगची १३७९ ची यादी बरीचशी टिकून आहे, त्यात गावागणिक माणूस आणि पुष्कळ ठिकाणी धंदा पण दिलाय. त्या काळच्या या याद्यांमध्ये काहींचं आडनाव आणि धंदा एकच दिसतो आणि काहींचं नाव एका धंद्याचं, काम दुसरंच, म्हणजे चिकटण्याची प्रक्रिया तुमच्या डोळ्यासमोर अर्धवट चालू असलेली सापडते. पुढे १४१३ च्या कायद्याने कोर्टाच्या कागदात माणसाचा दर्जा किंवा धंदा आणि गाव वेगळं लिहायला लावलं, याचा अर्थच असा की तोपर्यंत नुसत्या नावावरून धंदा कळेनासा झाला होता. मग १५३८ पासून थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने चर्चमध्ये जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या सुरू झाल्या आणि नाव बदलायला वाव फारसा उरला नाही.

नाव एक आणि धंदा भलताच, याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे ससेक्सच्या ब्राइटलिंगचा जॅक फुलर, १७५७ ते १८३४, लोक त्याला मॅड जॅक म्हणायचे. नाव कापड तुडवणाऱ्याचं, घराण्याचा पैसा मात्र लोखंड ओतून तोफा बनवण्याचा आणि जमेकातल्या उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या कष्टाचा. खासदार होता, गुलामगिरीच्या बाजूने बोलायचा. स्वतःच्या थडग्यासाठी गावच्या चर्चच्या आवारात जिवंतपणीच दगडी पिरॅमिड बांधून ठेवला होता, तो अजून आहे तिथे.

नकाशावेडा:
दुसऱ्या शंकेचं मी घेतो. नाही, एकच मूळ पुरुष शक्यच नाही. प्रत्येक कापडाच्या गावात एक वॉकर, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं, आडनावही तसंच, म्हणून शास्त्रज्ञांनी दोन्ही जुळवून पाहिलं. ब्रायन साइक्स यांनी २००० साली साइक्स याच आडनावाच्या पुरुषांची तपासणी केली, त्यात जवळपास निम्म्यांचं वाय एकाच प्रकारचं निघालं, म्हणजे तिथे एक मूळ पुरुष असण्याची दाट शक्यता. नंतर लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी बऱ्याच आडनावांवर काम केलं, तर दुर्मिळ आडनावात नातं दिसतं आणि स्मिथसारख्या धंद्याच्या कॉमन आडनावात काहीच दिसत नाही. वॉकर अर्थात स्मिथच्याच पंगतीत.

अमेरिकेत तर आणखी वेगळं. तिथल्या कृष्णवर्णीय वॉकर कुटुंबांकडे हे नाव बऱ्याचदा गुलामगिरीच्या काळातून आलंय. केसांच्या तेलाच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांचं जन्मनाव सॅरा ब्रीडलव, वॉकर हे नवऱ्याचं.

कोपऱ्यातला_म्हातारा:
तो चहाचा मग घेऊ नका. राजचिन्ह आडनावाला नसतं, एका माणसाला दिलेलं असतं आणि त्याच्या थेट वंशजांकडे जातं. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स, राजचिन्हांच्या नोंदी ठेवणारी १४८४ सालची संस्था, हेच सांगते. कुठल्यातरी एका वॉकरचं चिन्ह उचलून सगळ्या वॉकरांना विकतात. चहा तेवढाच गरम राहतो, साधा मग घ्या.

राईचा_पर्वत:
याच धर्तीवर वेबस्टर, लिस्टर, डेक्स्टर यांचं पण सांगा ना कुणीतरी. शेरमन कातरणारा हे वरच्यावरून लक्षात आलं.

सूतावरून_स्वर्ग:
वेब, वेबर, वेबस्टर, वीव्हर सगळे विणकर. लिस्टर आणि डेक्स्टर दोघंही रंगारी, लिस्टर उत्तरेकडचा आणि डेक्स्टर जास्त करून पूर्वेकडचा. तो 'स्टर' मुळात बायकांच्या कामाला लागायचा, विणणारी ती वेबस्टर, भाजणारी ती बॅक्स्टर, दारू गाळणारी ती ब्रूस्टर, पण आडनावं पडायच्या वेळेपर्यंत पुरुषांनाही सर्रास लागत होता, त्यामुळे प्रत्येक वेबस्टरच्या मुळाशी बाईच असेल असं नाही. यावर मात्र वेगळा धागा काढा, इथे वॉकरचंच बरंच लांबलंय.

राईचा_पर्वत:
काढतो रात्री. पण टकरचा अर्थ छळणारा हे आमच्या बॉसला कळता कामा नये, त्याचं आडनाव तेच आहे.